येतानी जेवतो

तुलसाबाईंच्या घरातून कोणी उपाशी बाहेर पडलं, असं तिरोडा तालुक्यातल्या त्या गावात सहसा घडत नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो की बियाण्याच्या कंपनीचा एजंट, भात खाल्ल्याशिवाय सुटका नाही. एकदा वाट चुकलेला एक ट्रकवाला रस्ता विचारायला थांबला, तर त्याला आधी ओसरीवर बसवून जेवू घातलं आणि रस्ता मागाहून सांगितला. त्यांच्या धाकट्या मुलाचा, हेमेंद्रचा, दहावीचा पेपर एकदा याच पायी हुकता हुकता राहिला. रहांगडाल्यांच्या घरची ही जुनी रीत, आणि ती पाळण्यात तुलसाबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्यांना दाद न देणारा माणूस गावात एकच होता, बिसराम.

बिसराम ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, राहायचा. गावच्या तलावात मासे धरायचा आणि पावसाळ्यात सायकलीला दोन हंड्या बांधून आसपासच्या बोड्यांमध्ये, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यांमध्ये, मत्स्यबीज नेऊन सोडायचा. बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं ती. त्याची वाट तुलसाबाईंच्या दारावरूनच जायची. त्या अंगणातून हाक मारायच्या, "बिसरामभाऊ, दोन घास खाऊन जा ना!"

"येतानी जेवतो, बाई," असं म्हणून तो पायडल मारायचा.

आणि येताना काही थांबायचा नाही. पहिली काही वर्षं तुलसाबाईंनी ताट झाकून ठेवलं. मग ठेवेनाशा झाल्या, आणि पुढे हाक मारणंही सोडलं. "त्याले आपल्या घरचं चालत नाही," असा निकाल त्यांनी लावून टाकला. पण मनाला लागलं होतं ते लागलंच.

हेमेंद्रला या रुसव्याशी काही देणंघेणं नव्हतं. शाळा सुटली की दप्तर ओसरीवर फेकून तो थेट तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. बिसरामकाकांनी त्याला पाण्यात हात घालून ऊन किती खोल उतरलंय ते ओळखायला शिकवलं. सकाळी मासे तोंड वर काढून राहिले तर त्यांना हवा कमी पडते आहे, हे शिकवलं. "कतला वरचं खाते, रोहू मधलं, मृगळ खालचं," काका सांगायचे. "एका घरात तीन भाऊ, पन भांडन नाही." शाळेत शिकलेलं बरंचसं हेमेंद्र विसरला. पाळीवरचं मात्र पुण्याकडच्या कारखान्यात चार वर्षं नट आवळतानाही त्याला तसंच्या तसं आठवत होतं. एवढे तलाव असलेल्या आपल्या जिल्ह्यात मत्स्यबीज बाहेरून आणावं लागतं आणि त्यातलं निम्मं वाटेतच मरतं, ही गोष्ट त्याला तिथे बसून खटकत होती. शेवटी पंचविसाव्या वर्षी नोकरी सोडून तो घरी आला, ते आपण मत्स्यबीज वाढवून विकणार असं ठरवूनच.

वडिलांनी, ग्यानीरामांनी, कपाळाला हात लावला. "धानाच्या बांधीत मच्छी? डोस्का फिरला काय तुजा?" महिनाभर घरात धुसफुस चालली. अखेर त्यांनी दोन बांध्या, म्हणजे भाताची दोन खाचरं, तळं खणायला दिल्या, पण अट घालूनच. "यंदाचा एक साल. नाही जमलं तं दिवाळीच्या आत गड्डा बुजवाचा अन् गुमान धान लावाचा."

पावसाळ्यात बीज छान वाढलं. अर्जुनी मोरगावकडच्या एका मच्छीमार संस्थेनं वीस थैल्या मागवल्या. थैलीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरायचा आणि तोंड रबरानं आवळायचं, असा तो प्रकार असतो. हेमेंद्र याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला होता. त्याच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'वाहतुकीआधी चोवीस तास खाद्य बंद.'

निघायच्या दिवशी सकाळी तुलसाबाई कोंड्याची आणि ढेपेची, म्हणजे पेंडीची, टोपली घेऊन तळ्यावर आल्या. "एवढ्या लांब जाऊन राहिले लेकरं. उपाशी कायले पाठवतो?"

हेमेंद्रनं वहीचं सांगायला तोंड उघडलं. मग त्यानं आईकडे बघितलं, पाण्यात चुळबुळणाऱ्या त्या हजारो जिवांकडे बघितलं. या घरातून तो स्वतः कधी शेजारच्या गावालाही उपाशी गेला नव्हता. त्यानं टोपली घेतली आणि मूठमूठ खाद्य आपल्याच हातानं टाकलं. पिल्लं तुटून पडली, आणि मायलेक दोघंही समाधानानं बघत राहिली.

तीन-साडेतीन तासांनी अर्जुनीकडच्या तलावावर थैल्या उतरवल्या तेव्हा पाणी गढूळ झालं होतं आणि वर पांढरी पोटं तरंगत होती. वीसच्या वीस थैल्या तशाच. संस्थेचे अध्यक्ष केशोराव यांनी एक थैली उघडली, नाकाला लावली आणि बाजूला ठेवली. "भाऊ, तू बीज आनलं का सुकट?" पोराचा चेहरा बघून केशोराव जरा नरमले. "तीन हप्ते थांबतो. मंग आमी बाहेरून आनू."

ग्यानीराम रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळ्याच्या काठाकाठानं पावलं मोजत एक चक्कर मारून आले. बुजवायला माती किती लागेल, याचा अंदाज घेत होते ते. त्यापेक्षा ते रागावलेले हेमेंद्रला परवडले असते.

तो बिसरामकाकांकडे गेला. गुडघे गेल्यापासून काकांची सायकल भिंतीला टेकलेली होती आणि काका ओट्यावर जाळं विणत बसायचे. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "निघाच्या आधी काय चारलं?"

"कोंडा अन् ढेप. पोटभर."

काकांनी जाळं खाली ठेवलं. "मंग बंद थैलीत तेच हगले अन् त्याच घाणीत गुदमरून मेले. वाटेवरच्या मच्छीले उपासच लागते, बाबू. येवढं बी नाही शिकवलं तुले कोनी?"

"वहीत लिवलं होतं, काका. पन आई टोपली घेऊन आली. मले नाही म्हनता नाही आलं."

काका हसत सुटले, पार ठसका लागेपर्यंत. "तुलसाबाईले नाही म्हनाचं म्हंजे कठीनच काम," ते डोळे पुसत म्हणाले. मग त्यांनी जाळं पुन्हा उचललं. "पुढच्या खेपेले मी येतो संग."

तीन आठवड्यांनी, गाडी निघायच्या आदल्या सकाळपासूनच, काका दुखऱ्या गुडघ्यांनी तळ्यात उभे होते. तळ्यात उरलेली पिल्लं बारीक जाळीच्या कुंपणात घेतलेली, खाद्य बंद, आणि काका मधूनमधून हातानं पाणी उडवून त्यांना धकाधकीची सवय लावत होते. तुलसाबाई टोपली घेऊन आल्याच.

"आज नाही, बाई," काका म्हणाले.

तुलसाबाईंचा चेहरा उतरला. "सोताही खात नाही, अन् आता माशाईलेही खाऊ देत नाही," असं पुटपुटत त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत डबा मात्र त्यांनी ठेवलाच, दोघांना पुरेल एवढा.

अर्ध्या वाटेवर हेमेंद्रनं गाडी झाडाखाली लावून डबा उघडला. भात, लाखोळीची डाळ, वर करंजीसारख्या चार कुसल्या. "घ्या, काका."

"तू जेव. मी येतानी जेवतो."

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. हेमेंद्रचा हात थांबला. "काऊन, काका?"

काका मागच्या थैल्यांकडे बघत होते. "त्याईले उपाशी मीच ठेवलं ना? ते तिकडं उपाशी हिंदकळून राहिले अन् म्या इथं बसून भात खावा? मले नाही गिळत. पान्यात सोडलं का मंग जेवतो. सायकलवर होतो तवाही असंच होतं."

"मग येताना आमच्या घरी कधी थांबले का नाही?"

काका अवघडले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा उगाच नीट केला. "येता येता तिसरा पहर होऊन जाये. दारात उभं राहून वाढा म्हनाची लाज वाटे, बाबू. तुमच्या दारावरून जातानी घंटी वाजवाचो. बाईनं हाक मारली तं थांबू म्हनून."

हेमेंद्रनं डबा बंद केला आणि गाडी सुरू केली. पुढची पन्नासेक किलोमीटर दोघंही उपाशीच गेले.

तलावावर थैल्या आधी तशाच पाण्यात तरंगू दिल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. मग काकांनी पहिलं तोंड सोडलं. पिल्लं क्षणभर काठाशी घुटमळली आणि एकदम खोल पाण्याकडे सुळकन निघून गेली. वीस थैल्यांमधून मेलेली निघाली ती ओंजळभरही नव्हती. केशोरावांनी पाण्यात हात धुतले आणि म्हणाले, "पुढच्या साली बी तूच आनजो." हेमेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिथेच, चिखलात, वाकून काकांचे पाय धरले. "उठ, पँट भिजून राहिली तुजी," काका म्हणाले.

डबा हेमेंद्रनं परतीच्या वाटेवरही उघडू दिला नाही. "घरी जेवू," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी गाडी अंगणात लागली. हेमेंद्रनं आईला सगळं सांगितलं, घंटीचंही. तुलसाबाई उभ्या होत्या त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. "ऐकू येये मले ते घंटी," त्या म्हणाल्या. "दर साली येये. मले वाटे, खात नाही ते नाही, वरून तोरा दाखवत जाते." मग पदरानं तोंड पुसून त्या उठल्या आणि आत जाऊन त्यांनी ताजा भात टाकला.

ग्यानीराम ओसरीवर बसले होते. आजवर ढिवर मोहल्ल्यातल्या माणसाचं ताट त्या घरात अंगणात वाढलं जायचं. बिसराम रीतीप्रमाणे अंगणातच बसायला लागला, तेव्हा ग्यानीराम आपल्या सतरंजीवर सरकले आणि बाजूची जागा हातानं झटकली. "इथं बस." मग पोराकडे न बघताच म्हणाले, "तो गड्डा राहू दे." तुलसाबाईंनी पाहुण्यांसाठीचं पितळी ताट काढलं. तिसऱ्यांदा भात वाढायला आल्या तेव्हा बिसरामनं ताटावर आडवा हात धरला. "बस, बाई."

"बस कसं? इतके साल वाट पाहिली मी," तुलसाबाई म्हणाल्या. बिसरामनं मुकाट्यानं हात काढून घेतला.

आता हेमेंद्रची तळी चार झाली आहेत. हे शिकलास कुठे, असं कोणी विचारलं तर तो तलावाची पाळ आणि घराची ओसरी, ही दोनच ठिकाणं सांगतो. बीज पोहोचवायच्या दिवशी तो उपाशी निघतो आणि तुलसाबाई टोपली घेऊन आडव्या येत नाहीत. त्याच्या गाडीला चांगला हॉर्न आहे. तरी गाडीच्या दाराला त्यानं काकांच्या जुन्या सायकलची घंटी बसवून घेतली आहे. घराजवळ आला की हात बाहेर काढून ती वाजवतो. दुसऱ्यांदा वाजवायची वेळ कधी येत नाही.