बारदानाचा ओढा

जालन्यात पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. स्टेशनच्या बाजूला जुन्या इमारतीत दोन खोल्या, काचेच्या बाटल्यांचं एक कपाट आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढाच संसार. गावोगावच्या विहिरींचं, हातपंपांचं, ओढ्यांचं पाणी यायचं. आम्ही सामू, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू पाहायचो. आकडे मर्यादेत बसले की कागदावर शिक्का मारायचा : पिण्यास योग्य. तो शिक्का मारताना मला बरं वाटायचं. आपण लोकांच्या उपयोगी पडतोय असं वाटायचं.

ऐंशीचं दशक सरत आलं असताना परतूरकडच्या एका गावातून तक्रार आली. ओढ्याचं पाणी पांढरट झालंय, गुरं तोंड लावत नाहीत. गावापासून थोड्या अंतरावर सिमेंटचे पाइप आणि पत्रे बनवणारा एक लहान कारखाना होता. तिथं कच्चा माल ज्या पोत्यांतून यायचा, ती रिकामी पोती एक मुसलमान जोडपं विकत घ्यायचं. बायको ती ओढ्यात धुवायची, नवरा फाटलेली शिवायचा, आणि ते बारदान मोंढ्यात धान्य भरायला जायचं. गावाचा संशय या पोत्यांवर होता.

मी नमुना घ्यायला गेले तेव्हा ती बाई कामातच होती. चाळिशीची असेल. सारं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. पोत्याची दोन टोकं धरून ती जोरात झटकायची, दगडावर दोनदा आपटायची आणि मग पाण्यात बुडवायची. दर झटक्याला पिंजलेल्या कापसासारखी पांढरी धूळ उडायची. वारा माझ्याकडे होता. धूळ माझ्या साडीवर बसली तशी ती ओशाळून पुढं आली आणि ओल्या हातानं माझा खांदा पुसू लागली.

गावातल्या दोघा-तिघांनी तिच्यासमोरच तक्रार सांगितली. ती भांडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "तुमी तपासून सांगा, बाई. पाणी खराब होत असंल तर म्या उद्यापासून इथं येत न्हाई. गावाचं पाणी नासवून आमाला खायाचं न्हाई."

तपासणीत सामू थोडा चढा निघाला, पण मर्यादेत. बाकीचंही मर्यादेत. गाळण कागदावर मात्र पांढरा थर राहिला. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर बारीक, सरळ धाग्यांची गर्दी दिसली. मी आमच्या वरिष्ठांना बोलावलं. ते सज्जन गृहस्थ होते, निवृत्तीला आले होते. एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, कापूस असेल, या भागात कुठंही कापूसच सापडणार. मी म्हटलं, कापसाचा धागा पिळलेला असतो, हा सरळ आहे. त्यावर ते म्हणाले, आपल्या तक्त्यात धाग्याचा रकाना नाही. जे तक्त्यात नाही ते आपण लिहायचं कसं?

खरं सांगायचं तर मी पुढं फार वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर लिहिलं, गाळून पिण्यास योग्य, आणि शिक्का मारला.

तो कागद ग्रामपंचायतीत वाचला गेला आणि तक्रार मिटली. महिनाभरानं खाला नवऱ्याच्या औषधासाठी जालन्याला आली होती, ती मुद्दाम आमच्या ऑफिसात आली. माझ्या टेबलावर हिरव्या हरभऱ्याची जुडी ठेवली. म्हणाली, तुमच्या कागदानं आमचं काम वाचलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तो हरभरा खाल्ला.

मधे आठ-नऊ वर्षं गेली. मग मला एका मोठ्या शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं एका शिक्षकांनी पडद्यावर काही चित्रं दाखवली. त्यातलं एक दिसताच मी सावरून बसले. तेच बारीक, सरळ धागे. ते म्हणाले, हा अ‍ॅस्बेस्टॉस. सिमेंटच्या पत्र्यांत, पाइपांत घालतात. पाण्यातून पोटात गेला तर काय होतं यावर अजून वाद आहे. पण कोरडा, श्वासावाटे गेला की फुप्फुसात रुततो आणि निघत नाही. दुखणं वीस-तीस वर्षांनीही वर येतं.

म्हणजे ओढ्याकाठी मी बाटली पाण्यात बुडवत होते तेव्हा खरा प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर हवेत उडत होता. आणि जी बाई स्वतःहून काम सोडायला तयार होती, तिला माझ्या शिक्क्यानं तिथंच थांबवलं होतं.

परतल्यावर पहिल्या रविवारी मी त्या गावाला गेले. खालाचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता. टीबी म्हणून दोनदा औषधाचा कोर्स झाला, गुण आला नाही. खाला बाजेवर पुढं वाकून बसली होती. तीन-चार शब्द बोलली की थांबायची. आता पोती कोण धुतं विचारलं तर "सून" म्हणाली आणि तिनं ओढ्याकडे बोट केलं.

मी ओढ्याचं पाणी, काठचा गाळ आणि पोत्याचा तुकडा घेतला आणि त्या शिक्षकांच्या ओळखीनं मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तराला चार महिने लागले; तोवर खात्री नाही म्हणून मी खालाला काही बोलले नाही. तिन्ही नमुन्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आढळले होते. खाली एक ओळ होती : पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा निश्चित केलेली नाही. आमच्या नव्या साहेबांनी ते पत्र फायलीला लावायला सांगितलं. मी एक प्रत कारखान्यात नेली. मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, आम्ही बारदान विकतो. ते कुठं धुवायचं हे आम्ही कुणाला सांगत नाही.

दुसरी प्रत घेऊन मी खालाकडे गेले. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही बोलता आलं नाही. पोत्यांतल्या धुळीनं तिचा दम गेला, नवराही बहुतेक त्यानंच गेला, एवढं सांगितलं.

"तुमी तर चांगलं म्हन्ल्या व्हत्या," ती म्हणाली.

"मी फक्त पाणी बघितलं, खाला. धागे दिसले होते. मी लिहिलं नाही."

तिनं मान हलवली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं सुनेला हाक मारली आणि घरच्या बोलीत सांगितलं की आजपासून पोत्याला हात लावायचा नाही. अंगणात पोत्यांचा ढीग होता. जाळू नका, झटकू नका, असं मी म्हटलं. मग सून आणि मी बादल्यांनी ती पोती भिजवली आणि मागच्या पडीत खड्डा खणून पुरली. दुपार त्यातच गेली. खाला बाजेवरून बघत होती.

त्यानंतर मी प्रत्येक अहवालाखाली हातानं एक ओळ लिहू लागले : या पाण्यात वर दिलेल्या गोष्टीच तपासल्या आहेत, इतर काही तपासलेलं नाही. साहेबांना ते आवडलं नाही. लोक घाबरतात म्हणाले, लेखी खुलासा मागितला. मी खुलासा दिला आणि ओळही लिहीत राहिले. कारखाना काही वर्षांनी बंद पडला, पण धंदा चालेना म्हणून. आमच्या पत्राचा त्याच्याशी संबंध नव्हता.

खाला त्याआधीच गेली. मृत्यूच्या दाखल्यावर दमा लिहिला होता. मला चार दिवसांनी कळलं. मी गेले तेव्हा सुनेनं मला आत बसवलं, पाणी दिलं. मग तिनं विचारलं, "म्या पाच वर्सं पोते झटकले, बाई. मला बी व्हईल का?"

खोटं बोलायची इच्छा झाली. पण या घराशी एकदा ते करून झालं होतं. मी म्हटलं, होईलच असं नाही. होणार नाही असंही कुणी सांगू शकत नाही. वीस वर्षांनीही कळू शकतं.

"म्हंजे बगत राह्यचं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.