लहानाला किती?

आमच्या ह्यांना कुणी "हे तुम्हाला नाही जमायचं" म्हटलं की संपलंच. मग ते काम दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू देतील तर शपथ. घरातला पंखा ह्यांनीच दुरुस्त केलाय. फिरतो झकास, फक्त वारा छताला घालतो. दाराची बेलही ह्यांनीच बसवली. बाथरूमचा दिवा लावला की ती वाजते आणि मी येड्यासारखी दार उघडायला धावते. बोलायची सोय नाही. "वाजते ना? मग झालं तर!" असं वर मलाच ऐकवतात.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत हे काचा घासतात आणि पुढे काउंटरवर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, लोकांचे डोळे तपासतात. भाऊजींना घरात सगळे लहान्या म्हणतात. टक्कल पडलं, स्वतःला चष्मा लागला, तरी लहान्याच. दुकान अगदी चिंचोळं आहे, पूर्वी चांगलं ऐसपैस होतं म्हणे. माझे सासरे आणि चुलत सासरे एकत्र धंदा करायचे. कशावरून तरी बिनसलं, वाटणी झाली आणि मधोमध भिंत आली. ती बरोबर खिडकीवर आली. अर्धी खिडकी आम्हाला मिळाली, कडी गेली पलीकडे, त्यामुळे आमची अर्धी आजतागायत उघडलेली नाही. सख्खे भाऊ, पण त्यानंतर एकमेकांच्या दारात म्हणून गेले नाहीत. हे तेव्हा शाळेत होते. दुपारचं दुकान बंद करून वडील त्या भिंतीकडे नुसते बघत बसायचे, एवढं एकदाच मला सांगितलं ह्यांनी. पुन्हा तो विषय नाही.

तर दुकानातला कॉम्प्युटर. गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्यात, काचांची मागणी त्याच्यातूनच जाते. काचा पुरवणाऱ्यांनी सांगितलं की आता नवी सिस्टिम टाका, जुनीवर आमचं काही चालणार नाही. भाऊजी म्हणाले, "दादा, एखादा माणूस बोलावू या."

"माणूस? मग मी कोण?" हे म्हणाले.

झालं! भाऊजींनी मुकाट्याने सगळे नंबर पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आणि तो खिशात घालून घरी गेले. भावाला चांगले ओळखून आहेत ते.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच हे दुकानात जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर स्वारी एकदम खुशीत. "भाषा आपली निवडलीय," म्हणाले. "आता कसा सरळ बोलेल बघ माझ्याशी!"

कसला सरळ बोलतोय! "कृपया प्रतीक्षा करा," एवढंच त्याचं चाललेलं. चहा गार झाला, दुसरा झाला, तरी आपलं "थोडाच अवधी शिल्लक आहे." मग आपला आपणच बंद पडला, आपला आपणच सुरू झाला आणि "काहीतरी चुकले" असं लिहून मोकळा.

"अरे, काय चुकलं ते सांग की मेल्या!" हे त्याच्यावर खेकसले. "काहीतरी म्हणे! असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर चालेल? तुमच्या डोळ्यात काहीतरी आहे, या आता!"

मी पदर तोंडाला लावून हसत होते. एवढ्यात पडद्यावर नवीन पाटी आली: डिस्क विभाजन. हे चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिले. मग निमूटपणे मदतीच्या नंबरला फोन लावला. ह्यांनी मदत मागितली! मला तर खरंच वाटेना. मी कप विसळायला मागे गेले, पण कान पुढेच होते.

"विभाजन म्हणजे काय हो बाई?" मग नुसतं हं, हं. नंतर आवाज एकदम खाली आला. "वाटणी? ... करायलाच हवी का? इतकी वर्षं एकत्रच चाललंय की सगळं. ... बरं. तुम्ही म्हणता तर करू. मोठ्याला जास्त? ... आणि लहानाला किती? ... एवढंच? पुरेल एवढ्यात? ... आणि जुनं सगळं पुसून टाकायचं?"

मी हात पुसत पुढे आले तर दारात माझ्या जाऊबाईंची पाठ दिसली. तिचा चष्मा दांडी बसवायला टाकला होता, तो न्यायला आली असणार. हाक मारली तर थांबलीसुद्धा नाही. गेली तरातरा.

हे फोन कानाला धरून तसेच बसलेले. बाण त्या "विभाजन"वर आणि बोट वरच्या वर. मी म्हटलं, "अहो, दाबा ना." तर म्हणाले, "थांब गं जरा." एवढा पंखे नि बेली उघडून बसणारा माणूस, एका बटणाला घाबरला होता.

थोड्याच वेळात भाऊजी आले. घरातल्याच कपड्यांत, धापा टाकत. मागे जाऊबाई, डोळे लाल. ह्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

"दादा, वाटणी हवी होती तर मला सांगायचंस," भाऊजी म्हणाले. "परस्पर वकील कशाला गाठलास?"

"कसला वकील?"

"हिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मोठ्याला जास्त, लहान्याला एवढंच, आणि जुनं सगळं पुसून टाकायचं! मी भांडायला नाही आलो. काउंटर तू घे, मशीन तू घे, सगळं तुझ्या नावावर कर. मला हवं तर नोकर म्हणून ठेव. पण भिंत नको रे घालू. आणखी एक भिंत घातलीस तर आपण उभं कुठे राहायचं?"

ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच. शेवटी मीच ओरडले, "अहो भाऊजी, लहान्याला नाही, लहानाला! लहान भागाला! तो बघा तुमचा वकील!" आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

भाऊजींनी वाकून वाचलं. जाऊबाईंनीही वाचलं, आणि तिने जो कपाळावर हात मारला! मग भाऊजींना हसू फुटलं, तिलाही फुटलं, मी तर खालीच बसले. हे मात्र हसले नाहीत. डोळ्यांत पाणी घेऊन भावाकडे बघत म्हणाले, "नोकर काय म्हणतोस रे गाढवा?" मलाच मेलीला गलबलून आलं.

एवढ्यात काउंटरवरून आवाज आला, "हॅलो, काका? मग वाटणी करताय ना?"

फोन चालूच होता की! ह्यांनी तो उचलला. "नाही," म्हणाले. "एकच राहू दे."

"पण काका, दोन भाग केले तर एकात काही बिघडलं तरी दुसरा वाचतो. सगळे तसंच करतात."

"करू देत. आमचं बिघडलं तर दोघांचं बिघडेल."

फोनवरची मुलगी म्हणाली, "ठीक आहे काका. 'विभाजन नको'वर टिचकी मारा आणि पुढे जा."

ह्यांनी खुर्ची मागे ओढली आणि माउस भाऊजींकडे सरकवला.

"लहान्या, तू दाब," म्हणाले. "मला नाही जमायचं."