कान उत्तम

पहाटे पावणेपाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा, तोही गजराशिवाय. गजराचं घड्याळ होतं, पण ते बायकोच्या उशाशी. ती म्हणायची, घड्याळ रोज वाजतं, मीच उठून बंद करते. तो म्हणायचा, छे, माझं शरीरच मला उठवतं. सहाच्या पाळीसाठी साडेपाचला घर सोडावं लागे. एकतीस वर्षांत त्याला तीनदा उशीर झाला, आणि तिन्ही वेळा सायकलने दगा दिला होता.

काम खिळ्यांच्या कारखान्यात. तारेचं एक वेटोळं ऐंशी किलोचं. ते दोघांनी उचलायचं, गुडघ्यात वाकून. कंबरेत वाकून उचलणारे चाळिशीत घरी बसले. वेटोळं फिरत्या चाकावर चढवायचं, तारेचं टोक मशीनच्या तोंडात द्यायचं, की मशीन मिनिटाला अडीचशे खिळे पाडतं. दर खिळ्यामागे एक ठोका, खिळ्याचं डोकं ठोकण्याचा. त्याच्याकडे दोन मशीनं होती, दिवसाला सहा वेटोळी. शेडमध्ये एकूण बावीस मशीनं.

तिथे बोललेलं कानापर्यंत पोचत नाही. नवा माणूस पहिल्या आठवड्यात ओरडून घसा बसवून घेतो. महिन्याभरात शहाणा होतो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायला लागतो. समोरचा ओठ वाचतो. शेडच्या या टोकाहून त्या टोकाला, बावीस मशीनांवरून, माणसं आपापल्या सासवांच्या चुगल्या करायची. सुपरवायझर मधून चालत गेला, की त्याच्या पाठीमागे त्याची यथेच्छ टिंगल चाले. तो वळला, की सगळे गंभीर. बिचाऱ्याला वाटे, आपल्या शेडमध्ये फार शिस्त आहे.

त्याला सगळे ‘काबरं’ म्हणत. बोलायला तोंड उघडलं की पहिला शब्द ‘का बरं’. आणि शंका सगळ्या शरीराच्या. मशीनबद्दल त्याला काही विचारायचं नसे. मशीन उघडून बघता येतं. माणूस उघडून बघता येत नाही, म्हणून विचारायचं.

विचारायचं ते कंपाउंडरला. कारखान्याला लागून दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, सह्या करायचा आणि जायचा. बाकी सहा दिवस बोटं बांधणं, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस काढणं हे सगळं कंपाउंडर बघायचा. त्याच्या टेबलावर एक जाडजूड वैद्यकाचं पुस्तक असे. डबा खाऊन झाला, की काबरं त्याच्या दारात हजर.

“का बरं रे, आपण आपल्यालाच गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही?”

“तुझ्या मेंदूला आधीच ठाऊक असतं, बोट कुठे लागणार ते. ठरलेल्या चोरीला कोण दचकतं?”

“आणि कोपर आपटलं की झटका बसतो तो?”

“तिथे हाडावरून शीर जाते, अगदी कातडीखालून. हाड नाही दुखत, शीर बोंबलते.”

“आणि पाण्यात हात राहिले की बोटांना सुरकुत्या?”

“पाणी शिरून फुगतात असं लोक म्हणतात. पण बोटाची शीर तुटलेल्या माणसाला सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे ते काम शिरांचं.”

काबरं खूश होऊन जायचा आणि संध्याकाळी बायकोला सगळं ऐकवायचा. ती म्हणायची, “शरीराची एवढी माहिती आहे, तर जरा हलवा ते. पाणी भरा.” बावीस वर्षं ही दोस्ती चालली. एकदा त्याने विचारलं होतं, “केस कापले तर उगवतात, नखं उगवतात, कातडी भरून येते. मग परत न उगवणारं काय?” कंपाउंडरने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “दात. दुधाचे पडले की एकदाच येतात. जपून खा.”

वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी व्हायची. वजन, डोळे, कान. कानाची तपासणी साधी होती. चार पावलांवर कंपाउंडर उभा राहायचा आणि हलक्या आवाजात आकडा म्हणायचा.

“सत्तेचाळीस.”

“सत्तेचाळीस.”

“एकोणऐंशी.”

“एकोणऐंशी.”

“उत्तम. पुढचा!”

कार्डावर शेरा पडायचा, कान उत्तम. कंपाउंडरचं तोंड उघडं, समोर उजेड. शेडमधला कोणीही माणूस यात नापास होणं शक्य नव्हतं. आपण आकडा ऐकला की बघितला, हा फरकच तिथल्या माणसांना उरला नव्हता. जगभरच्या शंका काढणाऱ्या काबरंनेही ही एक शंका कधी काढली नाही.

कंपाउंडर मात्र शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी खिशातून कापसाचे दोन बोळे काढायचा आणि कानांत कोंबायचा. माणसं ओठांनी म्हणायची, “आली बघा नवरी नटून.” तो हसायचा. तेही हसायचे.

घरी मात्र कुरबूर वाढत होती. बायको चुलीकडे तोंड करून बोलायची आणि उत्तर यायचं नाही. “अहो, कानात बोळे घातलेत का? भिंतीशी बोलतेय का मी?” शेवटी ती म्हणाली, कान दाखवून या. त्याने त्या वर्षीचं कार्ड मागून घरी आणलं आणि तिच्यासमोर धरलं. कान उत्तम. तिने वाचलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण तिने मनाशी काय ठरवलं, ते त्याला कळलं नाही. ऐकू येतं, तरी उत्तर देत नाहीत. म्हणजे आपण उत्तर देण्याच्या लायकीच्या नाही. हे तिने अकरा वर्षं पोटात ठेवलं.

मग तो सुट्टीचा दिवस आला. दुपारी तो पुढच्या खोलीत, दाराबाहेर तोंड करून, सायकलची साखळी साफ करत बसला होता. बायको न्हाणीघरात कपडे धूत होती. नळ चालू, दार लोटलेलं. साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय घसरला, ती मनगटावर पडली आणि मनगट मोडलं. कंबरही धरली, उठता येईना. तिने हाका मारल्या.

त्याने साखळीची एकेक कडी पुसली, तेल दिलं, चाक फिरवून बघितलं. मग हात धुवायला आत गेला.

ती भिंतीला टेकून होती. रडत नव्हती. रडून झालं होतं.

“पाऊण तास हाका मारतेय मी.”

“अगं, मला ऐकूच आलं नाही.”

“कार्ड दाखवलंत ना मला? कान उत्तम म्हणून? मग ऐकू आलं नाही म्हणू नका. यायचं नव्हतं म्हणा.”

त्याने तिला उचललं. एकतीस वर्षं वेटोळी उचललेला माणूस, तिचं वजन ते काय. पण तिने त्याच्या मानेभोवती चांगला हातही टाकला नाही.

इस्पितळात तिला प्लास्टर घालायला आत नेलं आणि डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलायला बाहेर आल्या. तरुण होत्या. तोंडावर कापडी पट्टी. भुवया हलत होत्या, काहीतरी आवाज येत होता, पण शब्द एकही सुटा होईना. त्याने तीनदा “काय?” विचारलं. बाईंनी पट्टी खाली ओढली.

“काका, विचारलं मी, किती वेळ पडून होत्या त्या?”

“पाऊण तास.” एकदम स्वच्छ कळलं.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तळहात तोंडासमोर धरला आणि पुन्हा काहीतरी बोलल्या. पुन्हा नुसती गुणगुण.

“काका, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही बघता. काम कुठे करता?”

त्याने सांगितलं. बाईंनी कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं चित्र काढलं. कानाच्या आत अशी पोकळी असते, म्हणाल्या, आणि त्यात बारीक केस असलेल्या पेशी. आवाज आला, की ते केस लवतात, आणि त्यातून मेंदूला निरोप जातो. रोज फार मोठा आवाज बसला, की त्या पेशी मरतात. आधी बारीक, तीक्ष्ण आवाजांच्या, मग पुढच्या.

“परत उगवत नाहीत?”

“माणसात नाही. पक्ष्यांमध्ये उगवतात.”

“का बरं?”

“ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही, काका.”

कळलेलं नाही. असं उत्तर त्याला बावीस वर्षांत मिळालं नव्हतं. मग त्याने विचारलं, हे जे कळलेलं आहे, ते किती जुनं? बाई म्हणाल्या, फार जुनं, कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात सापडेल.

बायकोला त्याने वाटेत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. “आता हे नवीन,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच तो दवाखान्यात गेला. कंपाउंडर एका पोराचं बोट बांधत होता. पोरगा जाईपर्यंत तो दारात उभा राहिला.

“ये. आज काय शंका?”

“कानातले केस परत उगवतात का रे?”

“म्हातारपणी तर जोरात उगवतात! उंबरठ्याबाहेर डोकावतात.”

“आतले.”

कंपाउंडरच्या हातातली कात्री थांबली. “कोणी सांगितलं तुला?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

कंपाउंडरने उठून दार लावलं. खुर्ची पुढे केली. काबरं बसला नाही.

“हे बघ, खरं लिहिलं असतं तर त्याच महिन्यात तू फाटकाबाहेर असतास. तुझ्याआधी दोघांना पाठमोरं उभं करून तपासलं आणि खरं लिहिलं मी. दोघांचे हिशेब आठवड्यात झाले. तुझ्या पोटावर पाय येऊ नये म्हणून ‘उत्तम’ लिहीत गेलो.”

“मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर काय म्हणाला असतास? ‘लिही बाबा, उत्तमच लिही,’ असंच ना?”

काबरंने क्षणभर विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

“म्हणालो असतो. पण मग कापूस घातला असता कानात. तू घालायचास तसा.”

कंपाउंडर खिडकीकडे बघू लागला. बघता बघता काहीतरी बोलला.

“इकडे तोंड करून बोल,” काबरं म्हणाला.

“म्हटलं, साहेबांनी बजावलं होतं. एकाला सांगितलं, की बावीस मशीनांवरचे सगळे भरपाई मागायला येतील. मग कारखान्यालाच काहीतरी करावं लागेल. मी पण नोकर माणूसच की रे.”

“शरीराचं सगळं विचारत होतो मी तुला. गुदगुल्या सांगितल्यास. कोपर सांगितलंस. परत काय उगवत नाही, तेसुद्धा विचारलं होतं. तू दात म्हणालास.”

“तेही खरंच आहे.”

“हो. खरंच सांगून केसाने गळा कापलास.”

मग काबरं म्हणाला, “जाऊ दे. एक काम कर. कार्डावर एक ओळ लिही, ऐकू येत नाही म्हणून. साहेबांना दाखवू नकोस हवं तर. मला घरी दाखवायचीय. ती पाऊण तास हाका मारत होती आणि तिला वाटतंय, मी मुद्दाम बसून राहिलो.”

“कार्ड कारखान्याचं आहे. आज बदललं तर मागची सगळी वर्षं खोटी ठरतील. माझी सही आहे प्रत्येकावर.”

“एक ओळ.”

“नाही जमणार.”

काबरं वळला आणि दार उघडून निघाला. मागून कंपाउंडर बोलत राहिला असेल, बावीस वर्षांची दोस्ती वगैरे. पाठ फिरवल्यावर त्याचं काही ऐकू येत नव्हतं, आणि या एका वेळी त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पगार झाल्यावर तो डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या ठिकाणी कान तपासायला गेला. भिंतींना जाड गाद्या लावलेली लहानशी खोली. दार बंद झालं आणि अशी शांतता पसरली, की तो घाबरलाच. त्या शांततेत त्याला कळलं, की आपल्या कानांत सतत एक शिट्टी वाजते आहे, आणि ती बाहेरून येत नाही. आवाज आला की बटण दाबायचं होतं. त्याने मन लावून दाबलं, कामच होतं ते. काचेपलीकडची मुलगी मात्र पुष्कळदा त्याच्याकडे बघत वाट पाहत थांबत होती, आणि त्याला कळेना, ती कशाची वाट बघते आहे.

कागद घेऊन तो बाईंकडे गेला. त्यावर एक रेघ होती, डावीकडून निघून उजवीकडे घसरत खाली गेलेली.

“बाई, हे माझ्या बायकोला समजणार नाही. खाली साध्या शब्दांत लिहा.”

“काय लिहू?”

त्याने सांगितलं. बाई म्हणाल्या, असं कधी अहवालात लिहीत नाहीत. मग त्याच्याकडे बघून त्यांनी पेन उघडलं, लिहिलं आणि सही केली.

घरी बायको प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बसली होती. त्याने कागद तिच्यासमोर धरला. रेघेकडे तिने लक्ष दिलं नाही. खालचं वाक्य वाचलं. “लोटलेल्या दारामागून, नळ चालू असताना मारलेली हाक या माणसाला ऐकू येणार नाही.” पुन्हा वाचलं. कागदाकडे बघतच ती काहीतरी बोलली.

“काय म्हणालीस?”

तिने तोंड वर केलं. “म्हटलं, अकरा वर्षं मी उगाच तुमच्यावर रुसले.”

“उगाच नाही. कार्डावर लिहिलं होतं.”

ती उठली आणि कागद घड्याळाखाली ठेवला, उडू नये म्हणून.

त्याच्या मजुरीतून आजवर घरभाडं गेलं, एका मुलीचं लग्न झालं, दोन सायकली झाल्या. या वेळी आठ दिवसांची मजुरी गेली. म्हणजे अठ्ठेचाळीस वेटोळी, प्रत्येक ऐंशी किलोचं, गुडघ्यात वाकून उचललेलं. त्या पैशांत त्याने एक वाक्य विकत घेतलं, जे कंपाउंडरला फुकट लिहिता आलं असतं.