शून्य टक्के चोरी

आमच्या विभागात कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा त्याला हार घातला होता. खरंच, कॉम्प्युटरला हार! माझ्या मार्गदर्शक सरांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "आता चोर सुटत नाई." मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

माझा एम.फिल.चा प्रबंध कापूस वेचणाऱ्या बायांवर होता. दोन हंगाम मी वर्ध्याहून एसटीनं आंजीला जात होते. त्यांच्याबरोबर वेचायचं, त्यांचं बोलणं वहीत उतरवायचं. पहिला मसुदा सरांकडे दिला. त्यांनी तो त्यांच्याच हाताखालच्या, आर्वीच्या एका विद्यार्थ्याला "नमुना म्हणून" वाचायला दिला. तीन महिन्यांनी त्या पोराचा प्रबंध जमा झाला, माझ्या आधी. शीर्षक वेगळं, आतला माल माझा.

मी भांडायला गेले. सरांनी दोन्ही प्रबंधांच्या सीडी मशीनला घातल्या. उत्तर आलं, शून्य टक्के.

येणारच होतं! ते सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी बनलेलं. मराठी त्याला वाचताच येत नव्हतं. त्यात माझं टायपिंग एका फॉन्टमधलं, त्यानं दुसऱ्यात करून घेतलेलं. मशीनच्या लेखी ती नुसती चिन्हांची खिचडी.

"सर, मशीन आंधळं आहे. तुम्ही तर नाही ना? पान एकेचाळीस वाचा."

"हे पाय बाई, मशीनले ना तुही ओळख, ना त्याची. तू विषय बदलून टाक."

त्याच्या प्रबंधात पान एकेचाळीसवर आंजीची एक म्हातारी मजुरीचं सांगता सांगता थांबते आणि म्हणते, "केसायच्या कशा झिपऱ्या करून घेतल्या! बस इथं, वेणी घालून देतो." हे ती मला म्हणाली होती, आणि वेणी घालूनही दिली होती. आता ती हेच त्या मिशीवाल्या पोराला म्हणत होती. आणि त्या प्रबंधावर सरांची सही. म्हणजे एक पानही वाचलं नव्हतं.

मी विषय बदलला नाही. विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून हात बसलेलाच होता. एका कागदावर माझं आणि त्याचं वेणीचं पान शेजारी शेजारी छापलं. खाली एकच ओळ: वेणी कोणाची? त्याच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी ते दारात वाटलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही घेतलं. ते आधी हसले, मग त्याला म्हणाले, "काय राजेहो, घेतली का मग वेणी घालून?"

तो सरांकडे पाहत राहिला. सर पंख्याकडे.

त्याची परीक्षा थांबली. तिसऱ्या दिवशी माझ्या प्रबंधावर सरांची सही झाली. माफीचं नाव नाही, चौकशी नाही. उलट परवानगीशिवाय पत्रक वाटलं म्हणून तंबी मलाच. त्याच्या फायलीत मशीनचा कागद तसाच राहिला: शून्य टक्के.

आंजीला जाऊन म्हातारीला सगळं सांगितलं.

"त्या पोट्ट्याले घेऊन येजो एक डाव," ती म्हणाली. "अन् तुह्या त्या सरालेही. तेलाची वाटी काढून ठेवतो."