‘लग्न’ या शब्दाला अकरा सेकंद

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीवर अन्याय झाला तो १९९८ च्या श्रावणात, एका गुरुवारी, दुपारी अडीचच्या प्रॅक्टिकलला. करणारी मी. आमच्या विद्यार्थी संघटनेच्या पत्रकात दोषी कोण ते आम्ही पहिल्याच ओळीत लिहायचो. स्वतःला वेगळा नियम कशाला?

कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत होतो. ती पेठ वडगावची, इतिहासवाली. माझं मानसशास्त्र. आमच्याकडं पद्धत अशी, की प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ते माणूस, ज्याचं त्यानं शोधायचं. कुणी बहिणीला धरायची, कुणी मेसच्या मावशींना. मी रविवारी दुपारी हिला कॉटवर बसवलं.

"एक खेळ हाय. मी शब्द म्हणणार, तू पहिला सुचंल तो सांगायचास."

"बक्षीस काय?"

"भेळ."

"मग विचार की!"

पाऊस म्हटलं, ती म्हणाली छत्री. चूल, धूर. लग्न म्हटलं आणि ती थांबली. स्टॉपवॉचचा काटा अकरा सेकंद फिरला. मग म्हणाली, "झालं."

प्रयोगानंतर प्रयोज्याला काय वाटलं ते विचारून लिहायचं असतं. मी विचारलं. दहावीनंतर लग्न, चार महिन्यांत माहेरी परत. वसतिगृहात कुणाला माहीत नव्हतं, तिला कळू द्यायचंही नव्हतं. मी सगळं उतरवलं. वर तिचं पूर्ण नाव घातलं, कारण तसा रकाना होता.

गुरुवारी बाईंनी माझं जर्नल उचललं. "निष्कर्ष असा लिहावा," म्हणत वर्गात मोठ्यानं वाचलं, नावासकट. भिंतीवर मेंदूचा तक्ता होता. भावनांचा भाग कुठला ते मी डोळे मिटून दाखवलं असतं. संमती, गोपनीयता, मध्येच थांबायचा हक्क, हे पाच मार्कांचं उत्तर मला तोंडपाठ होतं. मी बाईंना थांबवलं नाही. खरं सांगते, शाबासकी मला आवडली.

संध्याकाळी ती मेसमध्ये ताट घेऊन आली तशी माझ्या वर्गातली एकजण ओरडली, "या वहिनी! दादा आलं न्हाईत व्हय?" सगळं टेबल हसलं.

खोलीत ती एवढंच म्हणाली, "ते पान फाड."

"बाईंची सही होऊन सर्टिफाय झालंय. पान न्हाई तर परीक्षेला बसू देत न्हाईत."

"मोर्चात लई वरडतीस की हक्क हक्क म्हणून. फाड आता."

मी फाडलं नाही. चार दिवसांनी तिनं ट्रंक उचलली. वसतिगृह सोडलं आणि कॉलेजही.

त्या वर्षी तिच्या कॉटवर दुसरं कुणी आलं नाही. मी त्या कॉटवर पत्रकांचे गठ्ठे रचले, मग तेही उचलून खाली ठेवले. कपाटाचा तिचा खण मी वापरला नाही. मेसमध्ये हसणाऱ्यांशी मी बोलत नव्हते आणि माझा प्रयोज्य व्हायला कुणी तयार नव्हतं. स्मरणाचा प्रयोग आला तेव्हा निरर्थक अक्षरांची यादी मीच वाचली, मीच पाठ केली, प्रयोज्याची सही डाव्या हातानं केली. रिकाम्या खोलीत स्वतःलाच विचारलं, "तयार?" आणि स्वतःच म्हटलं, "हो."

परीक्षा झाली. चांगले मार्क पडले. मग पान फाडलं आणि घेऊन वडगावला गेले. ती दारात शेंगा फोडत होती. मला ओळखलं, ते दिसलं.

"कोण पावणं?" म्हणाली.

"पान आणलंय."

"सगळ्या वर्गानं वाचलं की. आता मी काय करू त्याचं? ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच."

तुमच्याकडंच. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अहो-जाहो केलं. चहाही विचारला नाही. मी परतीच्या एसटीत बसले. पान अजून माझ्याकडं आहे.

मानसशास्त्र शिकणाऱ्या पोरांनो, तुमचं जर्नल आज सर्टिफाय व्हायचंय ना? आधी ते ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या हातात द्या, वाचू द्या. तो फाड म्हणाला, तर त्याच्यासमोर फाडा. परीक्षा बुडाली तर बुडू द्या.