आबांचे ऐतवार

कासारसाईच्या पारावर बसलेल्या माणसाला मी विचारलं, "भैरवनाथ कुठं राहतात?" त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समोरच्या देवळाकडे बोट केलं. "ह्ये काय समोर. चपला भाईर काढा." चूक माझीच. ज्यांच्या दहाव्याला आलो होतो, त्यांचं खरं नावच मला ठाऊक नव्हतं. 'आबा गेले' एवढा निरोप खेळाच्या ग्रुपवर आला, गावाचं नाव आलं, आणि आम्ही हिंजवडीजवळच्या जांब्याहून स्कूटर काढली. आधी आबांचंच घर विचारलं होतं, तर हा म्हणाला, "कंच्या आबांचं? हितं ईस आबा हायेत." म्हणून घाईत त्यांचं गेममधलं नाव सांगून बसलो. शेवटी माझी बायको वैशाली पुढे झाली. "दादा, कॉम्प्युटरवर खेळायचे ते आबा." "आसं म्हना की! गेमवालं आबा."

आम्ही मूळचे लातूरकडचे. मुलगी शिकायला बाहेर पडली आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्हा दोघांना बोलायला विषय पुरेनात, तेव्हा या ऑनलाइन खेळात शिरलो. वैशाली जखमी सोबत्यांना बरं करणारी वैद्य, मी ढालवाला. महिनाभरात ती तरबेज झाली. मी ढाल कुठल्या बटणावर आहे तेच शोधत होतो. या खेळात रेड असते, म्हणजे आठ जणांनी मिळून एका अक्राळविक्राळ राक्षसाला पाडायचं. त्यासाठी गट शोधावा लागतो, आणि गटांच्या अटी स्थळांच्या जाहिरातींहून कडक. अनुभवी हवेत, रोज यावं लागेल, चुका चालणार नाहीत! आम्ही आठवड्यातून एकदा, तेही कुकरच्या शिट्ट्या मोजत खेळणारे. उत्तर ठरलेलं असायचं... वैद्य येऊ द्या, मिस्टर नकोत. वैशाली 'मग राहू दे' असं लिहायची आणि मी भांडी घासायला उठायचो. वरून हसायचो, पण आत भीती असायची, की एक दिवस ती एकटीच त्यांच्यात खेळायला जाईल. आमचा दोघांचा म्हणून तेवढाच एक तास उरला होता.

मग दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या सुमारास, आबांच्या गटात आम्हा दोघांनाही जागा मिळाली. वैशालीनेच बोलणी केली. कशी, ते मी विचारलं नाही. दर रविवारी दुपारी चार वाजता हेडफोनमधून आवाज यायचा, "आलं का समदं? पानी पिऊन घ्या." सत्तरीचा शेतकरी. भातखाचरं, थोडा ऊस, आणि हिंजवडीच्या नोकरदारांना भाड्याने दिलेल्या खोल्या. अशाच एका भाडेकरूने जाताना कॉम्प्युटर मागे ठेवला आणि आबा त्यावर बसले. आठ माणसं, आठ कामं, राक्षसाचे क्षणाक्षणाला बदलणारे वार... त्यांना सगळं एकदम दिसायचं. "वैशाली, डावीकडला पडंल आता," म्हणायचे, आणि तो खरंच पडायच्या बेतात असायचा. ऑफिसात मला तीन माणसं सांभाळताना धाप लागते.

एक राक्षस मात्र दोन महिने पडेना, आणि कारण मी होतो. त्याने आग फेकली की सगळ्यांनी उजवीकडे सरायचं. मी डावीकडे सरायचो आणि जळताना आणखी तिघांना घेऊन जायचो. एकदा गटातला चपळ रोहित अगदी नम्रपणे म्हणाला, "आबा, वहिनी भारी आहेत. पण दादांना आजच्यापुरतं बसवू या का?" मी हेडफोन काढायला हात वर नेला. आबा म्हणाले, "सावडीला आल्यालं मानूस बांधावर बसवत न्हाईत."

सावड म्हणजे भातलावणीला आळीपाळीने एकमेकांच्या खाचरात राबायचं. आबा पुढे म्हणाले, "हळू हाताचं मानूस दोन चपळ मानसांच्या मधी लावायचं. ओळ मागं ऱ्हात न्हाई. रोहित, तू उजवीकडं. मी डावीकडं. दादा, राक्षसाकडं बगूच नका. माज्याकडं बगा. मी हाललो की हाला." मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिलो. कानात एकदम आरडाओरडा झाला तेव्हा विचारलं, "आता काय केलं मी?" राक्षस पडला होता. तो पडताना मी पाहिलाच नाही.

दहाव्याला आबांच्या बायकोने आम्हाला त्यांच्या खोलीत बसवलं. एका भिंतीशी तांदळाची पोती, दुसऱ्या भिंतीशी उपरण्याखाली झाकलेला कॉम्प्युटर, खुंटीवर टोपी आणि टोपीवर हेडफोन. "तुमी त्यांच्या खेळातली व्हय?" त्या म्हणाल्या. "सव्वादोन वर्सं झाली, दिवाळीत डाक्टर म्हनलं, चार-सा म्हयनं. ह्यांनी म्हशी इकल्या, ऊस मोडला, समदं आवरतं घ्येतलं. पर ऐतवारचं चार न्हाई सोडलं. दवाखान्यातनं आलं तरी हितंच बसायचं. गेल्या ऐतवारी मी चारला पान्याचा तांब्या भरून आनला बगा... मंग ध्यानात आलं." दोन वर्षांत आम्हाला त्यांचा साधा खोकलाही ऐकू आला नव्हता.

परतताना धरणाजवळ मी म्हणालो, "काय नजर होती माणसाची! पहिल्याच दिवशी मला पारखून घेतलं."

मागे बसलेली वैशाली म्हणाली, "पहिल्या दिवशी त्यांनी मला एकटीलाच बोलावलं होतं. मी म्हटलं, हे नसतील तर मीही नाही. तर म्हणाले, 'पोरी, त्याला शिकवायला किती ऐतवार लागतील?' मी म्हटलं, सांगता येत नाही, मला बावीस वर्षं झाली, अजून चालूच आहे. खूप हसले हो... मग म्हणाले, 'आन त्याला. ऐतवार हायेत की माज्याकडं.'"