चावी पुढे, मी मागे

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी मुंबईहून सायकलवरून गावी गेलो, आणि समस्त नातेवाइकांची खात्री पटली की माझी नोकरी गेली.

नोकरी शाबूत होती. आजही आहे. (साहेब हे वाचत असतील तर त्यांनी कृपया नोंद घ्यावी.) सगळी भानगड झाली ती बाबांच्या गुडघ्यापायी. ऐन शिमग्याच्या तोंडावर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आमच्या करी रोडच्या अकराव्या मजल्यावर एकच प्रश्न उभा राहिला: यंदा गावचं घर उघडणार कोण?

आमचं गाव गुहागरजवळ. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. आमच्या दारात ठरलेल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला. दार उघडं असेल तर देवी आत येते, ओटी भरून घेते. कुलूप असेल तर पालखी तशीच पुढे जाते. आमच्या दारावरून ती पुढे गेली, असं बाबांनी पंचावन्न वर्षांत एकदाही होऊ दिलं नव्हतं. गिरणीत हातापाया पडून रजा घेतली, संपाच्या वर्षी खायचे वांधे होते तरी गेले.

"मी जातो!" मी म्हणालो. लेकीची दहावी चालू असल्याने बायको अडकलेली, आणि आईला बाबांपाशी थांबणं भाग होतं.

"एसटीचं रिझर्वेशन बघ," बाबा म्हणाले.

"एसटी कशाला? सायकलनं जातो. किनाऱ्या-किनाऱ्यानं! तीन दिवस. उजवीकडे समुद्र, डावीकडे माड..."

"आणि मधे हा ढोल," बायको म्हणाली.

तिचंही बरोबर होतं. डॉक्टरांनी शुगर सांगितल्यापासून मी शिवाजी पार्कच्या एका सायकल ग्रुपमध्ये शिरलो होतो. पातळ टायरची सायकल, हेल्मेट, घट्ट चड्डी, सगळा जामानिमा घेतला होता. मजल मात्र वरळीपर्यंतच गेली होती.

बाबांनी देव्हाऱ्यातून चावी काढली. वीतभर लांब, लोखंडी, लाल दोरा बांधलेली. जगात एकच.

"सुरेश, वाटेत पडलास तरी चालेल. ही पडता कामा नये."

"बाबा, टेन्शन नॉट!" मी चावी सीटखालच्या छोट्या काळ्या पिशवीत ठेवली आणि चेन लावली. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे.

चूक आईची. तिने मायेपोटी वाटेवरच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "आमचा सुरेश सायकलवरून येतोय, त्याला जेवू घाला." बस्स, एवढंच! का येतोय, ते सांगायचं राहिलं.

भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरलो, आणि पहिला दिवस तर स्वर्ग होता हो! रेवदंड्याची खाडी, काशीदची सुरूची बनं, वळणावळणाला समुद्र असा अचानक समोर यायचा की मी आपला एकटाच ओरडत होतो. संध्याकाळी मुरूडच्या मामांकडे पोचलो. मामांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गिरणी बंद पडली तेव्हा तुझा बाप पण असाच आला होता," ते म्हणाले. "पण तो एसटीनं आला होता रे."

"मामा, मी हौसेनं आलोय!"

"असंच बोलायचं असतं," मामा म्हणाले, आणि निघताना त्यांनी हँडलला दोन नारळ नि कुळथाचं पीठ बांधलं.

दुसऱ्या दिवशी दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडून केळशीला मावशीकडे पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. मावशी अंगणातच डोळ्याला पदर लावून उभी.

"चड्डीवर आलास रे बाळा?"

"मावशी, ही सायकलची खास चड्डी असते."

मी आंघोळीला गेलो तेव्हा तिने ती चड्डी धुवायला घेतली, आणि आतला स्पंज बघून तिचा बांधच फुटला. (सीट टोचू नये म्हणून आत गादी शिवलेली असते. पण हे मावशीला कोण सांगणार?) मी बाहेर आलो तर ती शेजारणीला चड्डी दाखवत होती.

"बघ गो बाय! केवढं मोठं ठिगळ! आणि तेही बुडावर!"

त्या ठिगळाने माझी केस कायमची निकालात निघाली. मावशीने मला चार वेळा वाढलं. पहाटे निघताना बघतो तर सायकलला आणखी तांदूळ, ओले काजूगर आणि सीटच्या मागे सुंभाने करकचून बांधलेला एक कोवळा फणस. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मुंबईतला पोटभर जेवणारा, सुखवस्तू माणूस मी. पण त्या घटकेला मावशीसाठी मला गरीब राहणं भाग होतं.

लाडघरच्या चढावर मागचं चाक बसलं. पंक्चर. म्हटलं हरकत नाही, पिशवीत सगळं सामान आहे. सीटखाली हात घातला. हाताला काटे लागले. पिशवीच्या जागी फणस!

साडेदहा वाजले होते. मी मावशीला फोन लावला.

"मावशी, सीटखाली एक छोटी काळी पिशवी होती..."

"ती होय! ती सोडून ठेवली. फणसाला आड येत होती."

"मावशी, तिच्यात घराची चावी आहे! आज चारला पालखी आहे!"

मावशी कडाडली, "मेल्या, घराची चावी कोणी बुडाखाली ठेवतं?"

आणि फोन ठेवला.

मी तिथेच दरडीला टेकून बसलो. समोर इतका सुंदर समुद्र, आणि मला त्यात फक्त बाबांचा चेहरा दिसत होता. कुलूप फोडावं म्हणावं, तर सणासुदीला घर फोडून देवीला आत घ्यायचं? आपण हौस करायला गेलो आणि म्हाताऱ्याच्या पंचावन्न वर्षांवर पाणी ओतलं. खरं सांगतो, मला रडू आलं. मग सायकल ढकलत निघालो. बुरोंडीच्या एका गॅरेजवाल्याने पंक्चर काढलं, फणसाकडे नि माझ्या चड्डीकडे पाहून पैसे घ्यायचे नाकारले. तेवढ्यात मागून मासळीचा टेम्पो आला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"केळशीच्या मावशींचे तुम्हीच ना?"

"हो, हो!"

त्याने चावी उंच धरून दाखवली. तोच लाल दोरा! मी हात जोडत धावलो.

"देवासारखे आलात! द्या, द्या!"

"तुम्हाला नाही द्यायची," तो शांतपणे म्हणाला. "मावशी बोलल्यात, त्याच्या हातात देऊ नका, तो परत घालवील."

"अहो, माझ्याच घराची चावी आहे ती! बरं, मला तरी न्या!"

"मागं मासळी, पुढं दोन बायका. कुठं बसवू?" आणि चावी माझ्या डोळ्यांदेखत वळणावरून दिसेनाशी झाली.

पायांत गोळे येईपर्यंत मी सायकल हाणली. दाभोळच्या फेरीबोटीवर चढलो तर तिकीटवाला म्हणाला, "चावी मघाशीच गेली. रिक्षावाल्याच्या हातात दिली पलीकडं." मग आवाज खाली आणून, "नोकरीचं होईल काहीतरी. धीर सोडू नका."

सव्वापाच वाजता धापा टाकत वाडीत शिरलो. ढोल वाजत होते. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, आणि दार सताड उघडं! चावी शेजारच्या शेवंताकाकूंकडे पोचली होती, आणि त्यांनी तिन्हीसांजेच्या आत दिवासुद्धा लावला होता. पालखी ओटीवर बसली होती. काकूंच्या मोबाईलमध्ये अकराव्या मजल्यावरचे बाबा, गुडघ्याला पट्टी, हात जोडलेले.

गावचे बुजुर्ग गाऱ्हाणं घालत होते. मी घामाघूम, हेल्मेटसकट हात जोडून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहून आवाज चढवला:

"...आणि आई, ह्या मुंबईकर लेकराची गेलेली नोकरी त्याला परत मिळू दे!"

"होय महाराजा!" अख्खी वाडी एका सुरात ओरडली.

आता काय खुलासा करणार? मीही म्हणालो, "होय महाराजा!" ज्यांना मी ओळखतही नव्हतो अशा माणसांनी हातचं काम सोडून आमची चावी पुढे सरकवली होती, आणि वर माझ्यासाठी देवीकडे शब्द टाकत होते. नोकरी नसती गेली तर एवढी माया कुठून मिळाली असती? त्या फणसाचे, त्या टेम्पोचे, त्या ठिगळाचेसुद्धा उपकार आहेत माझ्यावर.

काकूंनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

"बाबा, सॉरी. उशीर झाला."

बाबांनी डोळे पुसले. "दार उघडं होतं ना? मग झालं." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी माझा गुडघा नाही म्हणाला, तर नुसती चावीच पाठवू. तिला वाटेत कोणी जेवायला बसवत नाही."

परत येताना सायकल एसटीच्या टपावर होती, आणि मी खाली, खिडकीशी. मुंबईत पोचलो तर ग्रुपवर सगळे विचारत होते, "भाऊ, ॲव्हरेज स्पीड किती पडला?"

मी चावीचा सांगितला.